चकतीत उगवलेलं गवत

ऑफिसात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ज्यांना ते माहीत होतं ते एकेक करून निवृत्त झाले, आणि नव्यांना ते विचारावंसं वाटलं नाही. सगळे तिला भिंगताई म्हणायचे. कधी एखाद्या कारकुनाने कागदावरचं पूर्ण नाव वाचून पुकारा केला, तर तीसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघायची, ही कोण बाई म्हणून.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याखाली गवत उगवतं. शेवाळ नव्हे, खरं गवत. मुळं असलेलं, लांब पात्यांचं. माशांची पिल्लं त्यात लपतात, तळाचा गाळ ते धरून ठेवतं. ते यंदा किती वाढलं, किती घटलं, याचा अंदाज दरवर्षी काढायचा. आता समुद्राच्या तळाशी फूटपट्टी घेऊन कोण हिंडणार? म्हणून वर्षातून एकदा, ओहोटी असताना, वारा पडलेला असताना, सूर्य फार वर यायच्या आत, एक छोटं विमान किनाऱ्यावरून सरळ रेषेत जायचं. त्याच्या पोटातला कॅमेरा खाली बघत एकामागून एक फोटो काढत सुटायचा. सूर्य वर आला की पाणी आरशासारखं चमकतं आणि मग तळाचं काही दिसत नाही. घाई असायची ती त्याची.

ते फोटो भिंगताईच्या टेबलावर यायचे. लागोपाठचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दोन डोळ्यांच्या भिंगातून बघितलं, की सपाट कागद उठून बसायचा. टेकड्या वर यायच्या, पाणी खोल जायचं, झाडं टाचणीच्या डोक्यांसारखी उभी राहायची. गवत म्हणजे पाण्यातला काळपट डाग. पण काळपट तर खडकही दिसतो, ढगाची सावलीही आणि वाहून आलेल्या शेवाळाचा ढीगही. त्यातलं गवत कुठलं ते ओळखायचं, पारदर्शक फिल्मवर बारीक पेनाने त्याची कड काढायची, दाट की विरळ ते ठरवायचं, ठिपक्यांची जाळी वर ठेवून क्षेत्र मोजायचं. आणि शंका आली तर पाणबुड्यांना फोन लावायचा.

हे पाणबुडे म्हणजे ऑफिसच्याच किनाऱ्यावरच्या ठाण्यातले बुडी मारणारे एक गृहस्थ. होडीतून जायचे, तळाशी लोखंडी चौकट टाकायचे, चौकटीतलं गवत कापून वर आणायचे. ते वाळवून, तोलून, त्या वजनावरून सगळ्या डागाचं वजन काढायचं. भिंगताई आणि पाणबुडे वर्षानुवर्षं फोनवर बोलत होते. भेटले मात्र एकदाच, कुठल्याशा बैठकीत, आणि तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचलं नव्हतं.

"ताई, लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तुम्ही विमानातून गवत कापता," ते म्हणायचे.

"मी कुठे विमानात बसते? मी तिसऱ्या मजल्यावर बसते."

"तेच ते. लोक एकमेकांना पाण्यात पाहतात, तुम्ही बिचाऱ्या नुसतं गवत पाहता."

ती हसायची. दिवसभरात ती हसली तर तेवढंच.

घर दोन खोल्यांचं. खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान, वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं. संध्याकाळी ती कुलूप काढून आत यायची, रेडिओ लावायची आणि बातम्या सांगणाऱ्या बाईला अधूनमधून "हो का?" म्हणायची. जेवण ओट्याशी उभ्यानेच, पातेल्यातच. एकटीसाठी ताट कशाला विसळायचं? टेबलाला दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा इतकी वर्षं बसून होता, की ती त्याचीच खुर्ची झाली होती. वरचं जोडपं रोज भांडायचं. मिठावरून, खिडकीवरून, कोण आधी झोपलं यावरून. एकदा ते दोघं महिनाभर कुठे पाहुणे म्हणून गेले, तेव्हा भिंगताईला घर खायला उठलं. ते परतले आणि पहिल्याच संध्याकाळी म्हातारबांनी भांडं आपटलं, तशी ती कूस बदलून शांत झोपली.

तिला एक भाऊ होता. सख्खा, थोरला. किनाऱ्यावरच्या त्यांच्या जुन्या घरात राहायचा, वडिलांच्या होडीवर मासेमारी करायचा. त्याचं आणि तिचं बोलणं बंद होतं.

भांडणाला कारण म्हणावं असं काही नव्हतं, एक वाक्य होतं. आई आजारी पडली तेव्हा भिंगताई शहरात होती. फोटोंचा हंगाम होता, आज निघते, उद्या निघते करत दिवस गेले, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात माणसं बसलेली. दादाने तिच्याकडे न बघता वहिनीला सांगितलं, "पाहुण्या आल्यात. बसायला द्या त्यांना." एवढंच. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परतली. वहिनी सुरुवातीला फोन करायची, कशी आहेस, बरी आहेस ना, दादा पण विचारत होता. दादा विचारत नसणार हे दोघींनाही माहीत असायचं. पुढे फोन विरळ झाले. फोन आपण करावा असं भिंगताईला वाटायचं, पण हात उचलायचा आणि तसाच खाली यायचा. दहा-बारा वर्षं अशी गेली. रागाला काही लागत नाही, तो आपोआप टिकतो.

आता गंमत अशी, की ज्या भावाचं तोंड बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्याचं घर तिला दरवर्षी बघावंच लागायचं. त्यांची खाडी तिच्याच वाट्याच्या पट्ट्यात होती. फोटोत घराचा पत्रा दिसायचा, परसातलं मोठं झाड दिसायचं, पाण्यात शिरलेला लाकडी धक्का दिसायचा काडीएवढा. आणि धक्क्याच्या पुढे, काळ्या खडकाच्या बाजूला, पाण्याखाली एक पांढुरकी गोल चकती.

होडी उभी करायला तळाशी जड गोळा टाकतात आणि त्याला साखळी बांधतात. वारा फिरेल तशी होडी फिरते, होडीबरोबर साखळी तळावर घासत फिरते आणि गोळ्याभोवतालचं गवत साफ खरवडून काढते. वरून बघितलं तर गवताच्या गालिच्यात कोणी नाणं ठेवावं तशी रेतीची चकती दिसते. खाडीत अशा कितीतरी चकत्या होत्या. दादाची सगळ्यांत मोठी, कारण बाबांनी साखळी गरजेपेक्षा लांब ठेवली होती. आखूड साखळीने वादळात होडी बुडते, असं ते म्हणायचे.

तो फोटो ती शेवटी ठेवायची. आधी सगळा किनारा संपवायचा, मग ती खाडी. चकतीची कड काढायची, आत 'मोकळी रेती' असं लिहायचं आणि भिंगावरून डोळे काढायचे. चकती स्वच्छ आहे म्हणजे साखळी फिरतेय. साखळी फिरतेय म्हणजे होडी आहे. होडी आहे म्हणजे दादा रोज पहाटे समुद्रावर जातोय. चाललंय त्याचं. एवढं कळलं की तिचं वर्ष पार पडायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं नाही.

त्या वर्षी चकती नव्हती.

तिने भिंग पुसलं. फोटो बदलून पाहिला, पुढचा लावला, मागचा लावला. धक्का तिथेच होता, काळा खडक तिथेच होता. जिथे पांढरं दिसायला हवं तिथे करडं दिसत होतं, विरळ पण अगदी स्पष्ट. गवत आलं होतं. कडेने दाट, मधे पातळ. तिने कपाटातून गेल्या वर्षीचा फोटो काढला. त्यातही चकती धुरकट होती. तेव्हा तिने त्यावर 'पाणी गढूळ' असं लिहून ठेवलं होतं. पाणी गढूळ नव्हतं. आजूबाजूच्या चालू होड्यांच्या चकत्या लख्ख होत्या. गेल्या वर्षीच दिसत होतं आणि तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तिने पाणबुड्यांना फोन लावला. आवाज होईल तितका साधा ठेवून म्हणाली, "काळ्या खडकाच्या खाडीत एक जागा बघून याल का? शंका आहे."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "गवतच आहे ताई. छोट्या पानाचं, नवं. आधी हेच येतं, मग मोठं. तळाला गोळा आहे, साखळी गाळात रुतलीय. होडीबिडी काही नाही तिथे."

"धक्क्यावरच्या घरात कोणी होतं?"

"मी पाण्याखाली असतो ताई, घरं कशाला बघू?" ते हसले. पलीकडून हसू आलं नाही, तसे थांबले. "का हो? ओळखीचं घर आहे का?"

"हो," ती म्हणाली. "माझ्या भावाचं."

पाणबुडे म्हणाले, "ताई, तुम्ही जाऊन या. हे काही चौकट टाकून कळायचं नाही."

साहेबांकडे तिने रजा मागितली. साहेब तिच्याहून वयाने पुष्कळ लहान, स्वभावाने बरे. ते आल्यापासून हंगामात कधी रजा मागितली नव्हती या बाईने, म्हणून त्यांनी कारणही विचारलं नाही.

बसमध्ये ती वाक्यं जुळवत राहिली. सहज आले होते. ऑफिसच्या कामाने आले होते. एकही जिभेवर बसेना. आणि प्रत्येक वाक्याखाली दुसरीच भीती हलत होती, की बोलायला समोर माणूस तरी असेल ना?

दुपार कलायच्या वेळी ती घरापाशी पोचली. दार लोटलेलं होतं. शेजारच्या भिंतीवरून एक बाई डोकावली. "कोण पाहिजे?"

"दादा आहे का?"

"कोणाचा दादा?" बाईने डोळे बारीक केले. मग हात तोंडावर गेला. "अगं, तू बारकी ना? किती वाळलीस! बरं झालं आलीस बाई. तुझी वहिनी गेल्यापासून घराला घरपण राहिलेलं नाही बघ."

भिंगताईने भिंतीला हात टेकला. शेजारणीने तिचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे... तुला कळवलंच नाही?"

वहिनीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

दादा मागच्या ओसरीत बटाटे सोलत होता. म्हणजे तसा प्रयत्न चालला होता. उजवा हात सारखा थरथरत होता, जणू आत कोणी मोटार लावून विसरून गेलं होतं. सदऱ्याला गुंड्या होत्या, पण त्याने त्या लावल्या नव्हत्या. दोन मोठ्या पिना अडकवल्या होत्या. तिच्या पाठीमागे उजेड होता, त्यामुळे त्याला नुसती आकृती दिसली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"बारकी."

सुरी खाली ठेवायला त्याला वेळ लागला. "ये," तो म्हणाला. मग म्हणाला, "चहा घेशील? अर्धा कपच देतो हं. पूर्ण भरला की सांडतो."

चहा तिने केला. दोघं ओसरीत बसले. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशी वाजत राहिली.

"वहिनी गेली आणि मला कळवलं नाहीस?"

"कळवणार होतो."

"मग?"

"आईच्या वेळी तुला जे बोललो ते तुझ्या लक्षात होतं की नाही, मला माहीत नव्हतं. माझ्या होतं." त्याने कप खाली ठेवला. "कुठल्या तोंडाने बोलावू?"

"तोंड कशाला लागतं? फोन करायचा होता!" ती इतक्या जोरात ओरडली, की भिंतीपलीकडचा शेजारणीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

ती उठून परसाच्या पायरीवर जाऊन बसली आणि रडली. वहिनीसाठी रडली. तिच्या त्या खोट्या निरोपांसाठी रडली, "दादा पण विचारत होता" म्हणणाऱ्या. तीन वर्षं उशिराचं, शिळं रडू. बरोबर रडायलाही कोणी नव्हतं, कारण ज्याने बरोबर रडायचं तो आपलं रडून मोकळा झाला होता. आत दादा बसून होता. तो बाहेर आला नाही. तिला समजवायला यावं असं त्याला वाटलं असेल, पण ते त्यांच्या घरात कोणी कधी शिकलंच नव्हतं.

डोळे पुसून ती आत आली आणि उरलेले बटाटे सोलायला घेतले.

"होडीचं काय झालं?"

"विकली. गाठ मारता येईना. ज्याला गाठ मारता येत नाही त्याने समुद्रावर जाऊ नये. कंपवात म्हणतात याला. डॉक्टरने गोळ्या दिल्यात, त्या घेतल्या की झोप येते." मग त्याने मान वर केली. "पण तुला कसं कळलं? कोणी सांगितलं?"

तिने सांगितलं. चकतीचं, साखळीचं, गवताचं. तो ऐकत राहिला. बटाटे शिजले, जेवणं झाली, तरी तो त्यावरच विचार करत होता.

"म्हणजे ते विमान खरंच तुमचं? मागे कोणीतरी म्हणालं होतं, तुझ्या बहिणीच्या ऑफिसचं आहे म्हणून."

"आमचंच."

"मी हात करायचो."

"काय?"

"दरवर्षी. आवाज आला की धक्क्यावर जायचो आणि हात करायचो. तुझी वहिनी म्हणायची, खाली घ्या तो हात, लोक बघतायत." तो जरा लाजला. "म्हटलं, फोटो तुझ्याकडे जात असतील तर दिसेन."

खोटं बोलणं सोपं होतं. पण भावाशी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं आणि ते खोटं, हे तिला जमेना.

"दादा, तेवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही रे."

"मी टोपी काढून हलवायचो."

"टोपीसुद्धा नाही."

"मग दिसतं तरी काय?"

"पत्रा. झाड. आणि गवत."

दादा तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. हसताना त्याचा हात आणखी जोरात हलायचा. "म्हणजे एवढी वर्षं मी वेड्यासारखा त्या विमानवाल्याला सलाम ठोकत होतो?"

"विमानवाल्यालाही दिसत नाही. तो समोर बघतो."

आता तीही हसली. धक्क्यावर टोपी हलवणारा एक माणूस, आणि दूर तिसऱ्या मजल्यावर भिंगावर वाकलेली एक बाई. दोघं एकमेकांना शोधत होते आणि दोघांपैकी कोणी चुकूनही फोन उचलत नव्हतं.

सकाळी ओहोटीला ती साडी खोचून पाण्यात उतरली. उभ्या आयुष्यात तिने या गवताच्या किती कडा काढल्या असतील, पण लहानपणानंतर त्यावर पाय ठेवला नव्हता. घोट्याशी पाती ओल्या फितीसारखी गुंडाळली. पाणी गार होतं. दादा धक्क्यावरून ओरडून सांगत होता, डावीकडे जाऊ नको, तिकडे खोल आहे. तिला माहीत होतं तिकडे खोल आहे. खोलीचा नकाशा तिनेच काढला होता. तरी ती म्हणाली, "बरं."

रजा संपल्यावर ती परतली, पण आता दर महिन्याला जायला लागली. फार बोलणं व्हायचं नाही. ती गुंड्यांच्या जागी दाबून लावायच्या चिकटपट्ट्या शिवून द्यायची, तो तिच्यासाठी शेजारणीकडून मासे मागवून ठेवायचा. "माझ्याकडे चल" म्हटलं की म्हणायचा, "शहरात मला पाण्याचा आवाज कुठे मिळणार?" "नळाचा मिळेल," ती म्हणायची. त्यावर तो फक्त हुं करायचा.

शेवटी थंडीत डॉक्टरला दाखवायच्या निमित्ताने तो आला. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलावी लागली. गठ्ठ्याखालची जागा बाकीच्या खुर्चीपेक्षा नव्या रंगाची निघाली. दादा वरच्या जोडप्याचं भांडण मन लावून ऐकायचा आणि निकाल द्यायचा: "म्हातारी बरोबर आहे." तिला आता ताटं विसळावी लागत होती. दोन.

एक दिवस ती त्याला ऑफिसात घेऊन गेली. साहेबांनी परवानगी दिली, उलट स्वतः खुर्ची ओढून दिली. तिने खाडीचे फोटो मांडले. हात टेबलाला लागून भिंग सारखं हलत होतं, म्हणून तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला. "आता बघ. दोन चित्रं दिसतील. डोळे सैल सोड. आपोआप एक होतं."

तो भिंगावर आणखी वाकला. मग त्याच्या तोंडून निघालं, "अरे देवा." आणि जरा वेळाने, "पत्रा गंजलाय आपला."

"मागच्या बाजूने. दोन वर्षं झाली."

"मला कोण सांगणार? मी खालून बघतो." तो पुन्हा भिंगात घुसला. "ही वरची चकती आपल्या सुताराची. पोरगा परदेशी गेला, मग सुताराने होडी फोडून लाकूड विकलं. ती त्या तिकडची, दोघा भावांची. एक गेला, दुसरा मुलीकडे राहायला गेला. ही आपली. ही..." तो थांबला. "ही पण भरली? कधी?"

"यंदा."

एकेक करत तो खाडीभर फिरला. कोणाची होडी, कोणाचा बाप कसा पोहायचा, कोण कुठे गेलं. भिंगताईने या चकत्यांची कितीदा कड काढली होती, पण त्यांना माणसं आहेत हे फक्त एकीच्या बाबतीत तिच्या मनात आलं होतं. साहेब मागे उभे राहून ऐकत होते. त्या वर्षीच्या अहवालात त्या खाडीत गवत चांगलं वाढल्याचं त्यांनी आनंदाने नमूद केलं होतं. ते खोटं नव्हतं. गवत खरंच वाढलं होतं, आणि मासळीसाठी ते चांगलंच होतं. ते नुसते म्हणाले, "माझ्या आजोळी पण आता कुलूप आहे," आणि आपल्या खोलीत निघून गेले.

थंडी सरताच दादा परत गेला. तिने फार आग्रह केला नाही. झोपेत त्याचा हात थरथरायचा थांबतो, हे तिने त्याच्या घरी पाहिलं होतं. पण इथे त्याला झोपच लागत नव्हती.

पुढे तो दोनेक वर्षं होता. शेजारणीने फोन केला तेव्हा ती हातातला पेन तसाच टाकून निघाली आणि या वेळी पोचली. दादाला बोलता येत नव्हतं, पण ओळखता येत होतं. ती उशाशी बसून राहिली. हलणारा हात तिने हातात धरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हलायचा थांबला, आणि झोप लागली असेल असं समजून ती आणखी थोडा वेळ तशीच बसली.

घराची किल्ली शेजारणीकडे ठेवून ती शहरात आली. दुसऱ्या खुर्चीवर तिने वर्तमानपत्रं ठेवली नाहीत, पण कोणी बसलंही नाही. रेडिओवर बातम्या सांगणारी बाई बदलली होती, हिला "हो का?" म्हणावंसं तिला वाटेना.

हंगाम आला, नवे फोटो आले. पाणबुड्यांचा फोन आला. दक्षिणेकडच्या एका डागाबद्दल त्यांना विचारायचं होतं, खडक धरायचा की गवत. तिने भिंगातून बघून सांगितलं, गवत, विरळ, कडेला वाहून आलेलं शेवाळ. त्यांनी लिहून घेतलं. एरवी ते इथे फोन ठेवायचे. आज ठेवला नाही.

"ताई."

"हं?"

"जेवलात का?"

इतका साधा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. "हो," ती सवयीने म्हणाली. डबा शेजारी तसाच बंद होता. खिडकीबाहेर कोणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

"मग जेवून घ्या. मी थांबतो फोनवर," पाणबुडे म्हणाले. "मी पण डबा उघडतोय."

तिने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, फोटो बाजूला सरकवले आणि डब्याचं झाकण काढलं.